चुकांचा तास

बाईंनी आपलं मनगट हातात घेतलं की खोटं बोलायचं नाही, हे आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये आल्या आल्या कळायचं. कोणी शिकवत नसे. एकदा पकडले गेलो की पुरे.

त्याचं असं आहे, की पेशंटला ‘आता तुमचे श्वास मोजते हं’ असं सांगितलं की तो लगेच शहाण्या मुलासारखा श्वास घ्यायला लागतो. खरा आकडा मिळतच नाही. म्हणून नर्स नाडी मोजून झाली तरी मनगट सोडत नाही. पेशंटला वाटतं अजून नाडीच चालली आहे, आणि ती तिकडे त्याच्या छातीकडे बघत गुपचूप श्वास मोजत असते. ही युक्ती सगळ्याच नर्सेस वापरतात, पण ड्यूटीवर. बाई ती कुठंही वापरायच्या. हॉस्पिटल चालवणाऱ्या ट्रस्टच्या सेक्रेटरींशी बोलताना, हॉस्टेलच्या स्वयंपाकीणबाईशी वाद घालताना, इतकंच काय, बाजारात भाजी घेतानासुद्धा. “बाप्पा, किती धाप लागून राहिली तुले! भाव खोटा सांगितला का वं?” असं त्यांनी भाजीवालीला विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. भाजीवालीनं भाव उतरवला, हेही सांगून टाकतो.

ऑफिसच्या दारावर ‘प्राचार्या’ अशी पाटी होती, पण मॅडम म्हटलेलं त्यांना खपत नसे. “मॅडम दुकानात राहते. मी बाई आहे,” म्हणायच्या. शिकवताना त्यांची मराठी पुस्तकासारखी शुद्ध असे. राग आला किंवा माया दाटून आली की थेट वऱ्हाडी सुरू. दोन्हींपैकी नेमकं काय आलंय ते ज्याचं त्यानं ओळखायचं, आणि ओळखायला उशीर झाला की भोगायचं.

उंचीनं बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, कडक इस्त्रीची पांढरी साडी. प्रताप नगरहून एका जुन्या स्कूटीवर यायच्या, तोंडाला स्कार्फ असा गुंडाळलेला की पोलिसानं थांबवलं तर ओळख पटायची नाही. मे महिन्यात पर्समध्ये कांदा असायचा. आमच्या बॅचमधल्या एका हुशार मुलीनं धीर करून विचारलं, “बाई, कांदा जवळ ठेवला की ऊन लागत नाही, याला काही शास्त्रीय आधार आहे का?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“मग ठेवता कशाला?”

“माझी आई द्यायची. वॉर्डात मी शास्त्राचं ऐकते ना? रस्त्यावर आईचं ऐकू दे.”

त्यांच्यासमोर ‘सॉरी’ म्हणायची सोय नव्हती. “सॉरी? गोळी आहे का सिरप आहे ते? जेवणाआधी द्यायचं का नंतर?” असं विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत हलायच्या नाहीत. सॉरी म्हणणारा मनुष्य तिथल्या तिथं अर्धा होऊन जायचा. पुढे काय करणार आहेस तेवढं सांग, बाकीचं तुझ्याजवळ ठेव, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता.

मी नर्स झालो त्याला बाई कारण नाहीत, पण मी नर्स आहे हे माझ्या घराला मान्य झालं त्याला त्याच कारण. आमच्या बॅचमध्ये मुलगे तिघेच. आजोबा उमरेडला मागावर लुगडी विणायचे. वडिलांनी माग सोडला, नागपूरला आले, आणि आता मिहानमधल्या एका कंपनीत गेटवर सिक्युरिटीला आहेत. पोरगा नर्सिंग करतो हे सांगायला त्यांना जड जायचं, म्हणून जरीपटक्याच्या आमच्या गल्लीत त्यांनी ‘मेडिकल लाइनमध्ये आहे’ एवढंच पसरवून ठेवलं होतं. गल्लीनं आपल्या सोयीनं मला डॉक्टर करून टाकलं. ताईच्या लग्नाला बाई आल्या तेव्हा शेजारच्या काकूंनी मोठ्या आदबीनं विचारलं, “डॉक्टरसाहेबाले तुम्हीच शिकवता का मॅडम?”

“डॉक्टर कोण?” बाईंचा आवाज आख्ख्या मांडवात गेला. “हा नर्स होऊन राहिला. बेडपॅन असा देते हा पोट्टा, की पेशंटले लाजच वाटत नाही. डॉक्टर तं ढिगानं सापडतेत.”

वडील तेव्हा जिलेबी वाढत होते. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. त्या रात्री ते माझ्याशी बोलले नाहीत. पण पुढच्याच आठवड्यात गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांनी बीपी बघायला, जखमेची पट्टी बदलायला माझ्याकडे रांग लावली. डॉक्टरला विचारायला ज्यांना संकोच वाटायचा ते नर्सला बिनधास्त विचारू लागले. महिन्याभरात वडील दारात खुर्ची टाकून नंबर लावायला बसले. “एकेक या गा, आमच्या नर्सले दम घेऊ द्या,” असं म्हणायचे.

इंजेक्शनचा पहिला सराव सगळीकडे संत्र्यावर करतात, कारण त्याची साल हाताला माणसाच्या कातडीसारखी लागते. नागपुरात संत्र्यांना काय तोटा! बाकीच्या ठिकाणी मुलं संत्र्याला सुई टोचतात आणि मोकळी होतात. आमच्याकडे आधी संत्र्याशी बोलावं लागे. नाव विचारायचं, काय देतोय ते सांगायचं, दुखेल हे कबूल करायचं, आणि मगच सुई उचलायची. माझी पाळी आली तेव्हा सगळा वर्ग तोंडावर रुमाल धरून बसला होता. मी ट्रेमधल्या संत्र्यापुढं वाकून म्हटलं, “आजी, तुमचं नाव काय?”

संत्र्याच्या वतीनं बाई बोलायच्या. “नाव काहून पायजे तुले? लगन लावतो का माह्यासंगं?”

वर्ग फुटला. मी घाम पुसत म्हटलं, “आजी, इंजेक्शन द्यायचं आहे.”

“नको मले. काल त्या पोट्टीनं हात सुजवून ठेवला. तुमच्या डॉक्टरले बलाव.”

मी संत्र्याची पुष्कळ मनधरणी केली. शेवटी संत्र्यानं अट घातली, की हळू टोचशील तर टोच. आज हसू येतं, पण पुढे खऱ्या वॉर्डात पहिल्याच दिवशी एका खऱ्या आजींनी मला जवळजवळ हेच सुनावलं, तेव्हा मी अजिबात गडबडलो नाही. माझी तालीम झालेली होती.

यातला नाव विचारण्याचा भाग बाईंना सगळ्यात महत्त्वाचा वाटे. नाव विचारायचं, आपण सांगायचं नाही. “‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारलं की झोपेतला माणूस हो म्हणते, घाबरलेला माणूस हो म्हणते. हॉस्पिटलात माणूस सगळ्याच गोष्टीले हो म्हणते, बापा. त्याले बोलू द्या.” हा नियमही त्यांनी पुस्तकातून आणलेला नव्हता. फार पूर्वी आमच्याच हॉस्पिटलात एका नावाचे दोन पेशंट शेजारी होते आणि एकासाठी आणलेलं रक्त दुसऱ्याला चढता चढता राहिलं होतं.

हे मला कळलं ते हॉस्पिटलच्या वर्धापनदिनाच्या वेळी. ट्रस्टला स्मरणिका काढायची होती आणि तिच्यात नर्सिंग स्कूलचा इतिहास हवा होता. माझं अक्षर बरं, म्हणून बाईंनी सांगायचं आणि मी लिहायचं असं ठरलं. संस्थापकांची दूरदृष्टी, गरिबांची सेवा असं काहीतरी येईल म्हणून मी पेन सरसावून बसलो.

बाईंनी सुरुवात केली ती बाळंतिणींच्या वॉर्डामागच्या दोन खोल्यांपासून. तिथं ही शाळा सुरू झाली. पहिल्या मुली कोण, तर नवऱ्यानं टाकलेल्या, तरुणपणी कपाळ पांढरं झालेल्या, विणकरांच्या गल्लीत पोटाला न पुरणाऱ्या घरांतल्या, आणि नुकत्याच बौद्ध झालेल्या कुटुंबांतल्या. चांगल्या घरच्या म्हणवणाऱ्यांनी आपल्या मुली पाठवल्या नाहीत, लोकांची घाण काढायची म्हणून. बाईंची आई त्याच सुरुवातीच्या मुलींपैकी एक. “ज्यायले शिवू नये म्हणत होते, त्यायच्या हातून गावानं पाणी घेतलं, औषध घेतलं, पोरं जन्माले घातली. लिही,” त्या म्हणाल्या. मी लिहिलं. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच ठणठणीत होता, पण माझ्या अंगावर काटा आला.

पुढचा सगळा इतिहास चुकांचा होता. गरम पाण्याच्या पिशवीनं एका बाळंतिणीचा पाय भाजला, तेव्हापासून पिशवी आधी आपल्या हातावर धरून बघायची. दोन बाळांची आंघोळीनंतर अदलाबदल होता होता वाचली, तेव्हापासून बाळ आईच्या नजरेआड न्यायचं नाही. असं एकामागून एक. “या शाळेतला प्रत्येक नियम म्हणजे कोणाची तरी चूक आहे,” बाई म्हणाल्या. “नियम पाठ करून काही होत नाही. ती चूक पाठ पाहिजे.”

स्मरणिकेच्या समितीनं तो मजकूर वाचला आणि विचारलं, “यात संस्थापकांचं नाव कुठंच नाही?”

“त्यांनी काही चूक केली असेल तर सांगा,” बाई म्हणाल्या, “लगेच घालते.”

स्मरणिकेत शाळेच्या इमारतीचा रंगीत फोटो छापून आला. मजकूर काही आला नाही.

आता त्या तासाचं सांगतो. दर शनिवारी जेवणानंतर, पलंग आणि रबरी बाहुला ठेवलेल्या आमच्या सरावाच्या खोलीत, बाई चुकांचा तास घ्यायच्या. वेळापत्रकात त्याला वेगळंच भारदस्त नाव होतं. ज्याच्या हातून आठवड्यात काही चुकलं असेल त्यानं उभं राहून सांगायचं. रडायचं नाही, सबब द्यायची नाही, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. ऐकणाऱ्यांनी हसायचं नाही. सांगून झालं की वर्गातल्या कोणीतरी एकच प्रश्न विचारायचा, “पुढच्या वेळी काय करशील?” त्याचं उत्तर दिलं की बसायचं. शिक्षा नाही. इथलं बोलणं इथंच राहणार. पेशंटच्या जिवासाठी लागेल तेवढंच बाहेर जाणार, आणि तेही नावाशिवाय. सगळ्यात शेवटी बाई स्वतःची चूक सांगायच्या. त्यांना दर आठवड्याला सापडायची. आम्हाला आधी वाटायचं, मुलांना धीर यावा म्हणून मुद्दाम सांगत असतील. पण नाही, खऱ्याच असायच्या.

हा तास ज्यानं अनुभवला नाही त्याला त्याची किंमत सांगून कळणार नाही. नर्सिंग शिकताना हात थरथरतो तो सुईमुळे नाही, आपल्या हातून काहीतरी झालं आणि ते आपल्या एकट्यालाच माहीत आहे, या भीतीनं थरथरतो. आमचे हात स्थिर झाले ते या तासामुळे. मी आज अतिदक्षता विभागात काम करतो आणि हे छातीवर हात ठेवून सांगतो.

तोच तास एकदा मोडायला आला होता.

आमच्या बॅचमध्ये प्रणाली नावाची मुलगी होती. कुहीकडच्या खेड्यातली, फारच अबोल. घरात शिकलेली ती पहिली. नापास झाली किंवा परत आली तर मे महिन्यात लग्न लावून देऊ असं वडिलांनी सांगूनच धाडलेलं. ऐन उन्हाळ्यात तिची ड्यूटी पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात होती. तिथं श्रावणजी म्हणून एक म्हातारे विणकर हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आले होते. ऑपरेशन चांगलं झालं, आणि दोन दिवसांनी अचानक दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, ते असंबद्ध बोलायला लागले, शुद्ध हरपायला आली. रक्तातली साखर एकदम खाली गेली होती. सिस्टरनं वेळेवर ओळखलं, सलाइनमधून ग्लुकोज दिलं, माणूस सावरला. पण ज्याला मधुमेह नाही त्याची साखर अशी का उतरावी, हे डॉक्टरांना कळेना. मग तपासण्यांवर तपासण्या सुरू झाल्या. पोटात गाठ असू शकते असं कोणीतरी त्यांच्या बायकोसमोर बोललं, आणि म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं.

खरं काय झालं होतं ते शनिवारी प्रणालीनं उभं राहून सांगितलं. त्या वॉर्डात कूलर एकच, खिडकीत. त्याची हवा एकाच पलंगावर नीट यायची. त्या पलंगावरचा मधुमेहाचा पेशंट सर्दीनं बेजार होता आणि श्रावणजी उकाड्यानं. दोघांच्या बायकांनी आपसांत ठरवून दुपारी पलंग बदलून घेतले. नर्सेसना सांगावं असं काही कोणाला वाटलं नाही. प्रणालीनं पलंगाचा नंबर पाहिला, नाव विचारलं नाही, आणि मधुमेहाच्या पेशंटचं इन्सुलिन श्रावणजींना दिलं. पलंग बदलल्याचं तिला नंतर बायकांच्या गप्पांतून कळलं. तेव्हापासून ती जेवली नव्हती.

कोणीतरी तो प्रश्न विचारला आणि प्रणाली म्हणाली, “नाव विचारीन. माहीत असलं तरी विचारीन.” ती बसली.

बाई त्याच संध्याकाळी डॉक्टरांना भेटल्या आणि साखर इन्सुलिनमुळे उतरली होती, गाठबीठ काही नाही, एवढं सांगितलं. डॉक्टरांनी रविवारी होणारी मोठी तपासणी रद्द केली. आम्हाला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. रविवारी माझी त्याच वॉर्डात ड्यूटी होती. तपासणी रद्द झाली म्हटल्यावर श्रावणजींच्या बायकोनं त्याचा उलटाच अर्थ घेतला होता. आता तपासून उपयोग नाही म्हणून डॉक्टरांनी सोडून दिलं, असं तिला वाटलं. ती व्हरांड्यात बसून रडत होती. “भाऊ, मले खरं सांग गा, किती दिवस हायेत याचे?” तिनं मला विचारलं. तासातलं बाहेर बोलायचं नाही, म्हणून मी ‘विचारून सांगतो’ एवढंच म्हटलं. सोमवारी सकाळी मी हे बाईंच्या कानावर घातलं.

मी ऑफिसात असतानाच नवा प्रशासकीय अधिकारी आत आला. तरुण, नम्र, बोलणं मऊ. माणूस वाईट नव्हता. हॉस्पिटलच्या दर्जाची तपासणी तोंडावर आली होती आणि तो घाबरला होता. डॉक्टरांकडून त्याला इन्सुलिनची गोष्ट कळली होती.

“पेशंटच्या घरच्यांना यातलं काही कळायला नको,” तो म्हणाला. “आणि त्या मुलीचं नाव मला द्या. तिला आजच कमी करावं लागेल. तपासणीत विचारलं तर कारवाई केली असं दाखवता येईल.”

“नाव मिळणार नाही,” बाई म्हणाल्या.

“ठीक आहे. मी वॉर्डचा ड्यूटी चार्ट मागवलाय. दुपारपर्यंत नाव कळेलच.”

तो गेला. बाई मला म्हणाल्या, “आज हे पोट्टी गेली, तं शनिवारी कोणी उभं नाही राहणार. यापुढं कधीच नाही. चुका होतच राहतीन, फक्त दिसणार नाहीत.” मग त्या उठल्या, वर्गातून प्रणालीला बोलावलं, तिचा हात धरला आणि सर्जरी वॉर्डाकडे चालू लागल्या. मी मागे मागे.

श्रावणजी पलंगावर बसून मोसंबीचा रस पीत होते. बायको उशाशी. बाई म्हणाल्या, “हिला तुम्हाला काही सांगायचं आहे.”

प्रणालीनं शनिवारी सांगितलं होतं तसंच सांगितलं. “बाबा, मी तुमाले दुसऱ्याचं इंजेक्शन दिलं. नाव नाही विचारलं. तुमाले त्या दिवशी जे झालं ते माह्यामुळं झालं. तुमच्या पोटात काही नाही. तुमाले कोणताच रोग नाही.”

म्हातारीला आधी फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. “काहीच नाही?” तिनं बाईंना विचारलं. बाईंनी होकारार्थी मान हलवली. तिनं डोळ्यांना पदर लावला. मग बाकीचं तिच्या डोक्यात शिरलं आणि ती उठून उभी राहिली.

“माहा माणूस मेला असता तं?”

प्रणालीनं बाईंकडे पाहिलं.

“हो,” प्रणाली म्हणाली. “मेले असते.”

म्हातारीनं हात उगारला. बाई मध्ये पडल्या नाहीत. तो हात बराच वेळ वरच राहिला, मग पलंगाच्या दांडीवर आदळला. आणि तिनं जी सुरुवात केली ती वॉर्डातला प्रत्येक पेशंट ऐकत होता. शिकवतेत का झोपा काढतेत, गरिबाचा जीव सस्ता आहे का, तुह्या बापाले असं केलं असतं का. मधेच श्रावणजी हळूच म्हणाले, “पलंग तं आपणच बदलला होता ना वं?”

“तुम्ही चूप बसा! मरता मरता वाचले अन् मधात बोलून राहिले!”

एवढ्यात अधिकारी धावत आला. कोणीतरी त्याला कळवलं होतं. तो धापा टाकत म्हणाला, “आजी, तुम्ही लेखी तक्रार द्या. या मुलीला आम्ही आजच काढून टाकतो.”

म्हातारी त्याच्याकडे वळली. “तुमाले माहीत होतं हे?”

“हो, म्हणजे… कालच समजलं.”

“अन् मले नाही सांगितलं. मी बाहेर बसून याच्या मरणाचे दिवस मोजून राहिली होती, अन् तुमाले माहीत होतं.” तिचा आवाज आता खाली आला होता, आणि तो जास्त लागत होता. “या पोट्टीनं येऊन तोंडावर सांगितलं. तक्रार द्याची असन तं तुमची देईन. इची काहून?”

म्हातारी खाली बसली, तिनं प्रणालीकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाईंना म्हणाली, “घरी जाईपर्यंत याले सुई हेच पोट्टी देईन. दुसरी कोणी नाही पायजे. इले आता माहीत आहे, चुकलं तं काय होते.”

श्रावणजींना सुट्टी होईपर्यंत प्रत्येक इंजेक्शन प्रणालीनं दिलं, आणि म्हातारी दर वेळी शेजारी पहाऱ्याला उभी राहिली. प्रणालीला काढण्याची भाषा पुन्हा कोणी केली नाही. आम्ही मुलांनी बाईंना डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. हॉस्टेलवर त्या सोमवारची गोष्ट रोज नव्यानं आणि थोडी वाढवून सांगितली जात होती, आणि प्रत्येक वेळी त्यात बाई जिंकत होत्या.

पुढच्या शनिवारी आम्ही जरा लवकरच जाऊन बसलो. बाई आल्या आणि बसल्याच नाहीत. नेहमी शेवटी बोलायच्या, त्या दिवशी आधी बोलल्या.

“सोमवारी मी प्रणालीला वॉर्डात घेऊन गेले,” त्या म्हणाल्या. “तू येतेस का, असं तिला विचारलं नाही. इथलं बोलणं इथंच राहील असा शब्द मीच दिला होता. तो मी मोडला. मला माझा तास वाचवायचा होता, म्हणून मी तिला पुढं केलं. म्हातारीचा हात बसला असता तर तो तिला बसला असता, मला नाही. ही माझी चूक.”

आठवडाभर आम्ही जिचे पोवाडे गात होतो ती गोष्ट बाईंनी आमच्या हातातून काढून घेतली होती. मला तर त्यांचा रागच आला.

प्रणाली उभी राहिली. “पण बाई, चांगलंच झालं ना? तुम्ही विचारलं असतं तं मी नाही म्हटलं असतं. पेटी उचलून गावाले निघून गेली असती.”

“श्रावणजी वाचले,” बाई म्हणाल्या, “म्हणून तुही चूक, चूक नव्हती का?”

“होती.”

“मंग माही कशी नाही वं?”

प्रणाली बसली नाही. नियमाप्रमाणे तो प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता, आणि प्राचार्यांना तो विचारायची आमच्यापैकी कोणाची छाती नव्हती. शेवटी तिनंच विचारला.

“पुढच्या वेळी काय कराल, बाई?”

“विचारीन.”

“अन् ती नाही म्हणाली तं?”

बाईंनी चष्मा काढला, साडीच्या पदरानं पुसला, पुन्हा घातला.

“तं मी एकटी जाईन,” त्या म्हणाल्या, “अन् ते सगळं मी ऐकून घेईन.”

प्रणालीनं मान हलवली आणि ती बसली. बाईंनी खुर्ची ओढली, त्याही बसल्या आणि म्हणाल्या, “बोला. पुढं कोण?”

त्या दिवशी आमचा तास संपायला संध्याकाळ झाली.